साक्ष आणि ग्रामण्य : 'अरुणोदय'च्या निमित्ताने

बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीला मराठी समीक्षेने जागा दिली ती उशिरा, आणि दिली तीही अर्धी. पहिली मराठी कादंबरी कोणती या वादात तिचे नाव पूर्वीपासून घेतले जात असे. पण कालानुक्रमातील पहिला क्रमांक म्हणजे वाङ्मयीन प्रतिष्ठा नव्हे. ती प्रतिष्ठा तिला मिळवून देण्यात भालचंद्र नेमाडे यांचा वाटा मोठा आहे. मराठी कादंबरीच्या प्रेरणांची चर्चा करताना त्यांनी 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मोचनगड' (१८७१) ही तीन वेगवेगळ्या प्रवृत्तींची उगमस्थाने मानली आणि वास्तवाला भिडणारी प्रवृत्ती पदमनजींच्या नावे मांडली. यावल तालुक्यातील सांगवीसारख्या खेड्यात जन्मलेल्या, देशीयतेचा आग्रह धरणाऱ्या समीक्षकाने मिशनऱ्यांच्या सहवासात घडलेल्या आणि बाप्तिस्मा घेतलेल्या लेखकाला मराठी कादंबरीच्या मुळाशी बसवावे, ही वरवर पाहता विसंगती वाटते. पण देशीपणा लेखकाच्या उपासनापद्धतीवरून ठरत नाही, भोवतालच्या समाजाशी त्याच्या लेखनाचे जे नाते असते त्यावरून ठरतो, हे सूत्र एकदा स्वीकारले की विसंगती उरत नाही. ज्या समाजाने पदमनजींना बाहेर काढले त्याच्याविषयी ते जन्मभर त्याच्याच भाषेत लिहीत राहिले.

तरीही ही प्रतिष्ठा अर्धी आहे असे म्हणावे लागते. कारण 'यमुनापर्यटन'मधले विधवांच्या स्थितीचे चित्रण घ्यायचे आणि त्यातला ख्रिस्ती आशय धर्मप्रचार म्हणून बाजूला ठेवायचा, अशी एक सोयीची विभागणी आपल्याकडे रूढ झाली आहे. टरफल टाकून दाणा घ्यावा तसे हे चालते. प्रश्न असा आहे की हे टरफल आहे काय? डोळ्यांसमोर जे दिसते ते लपवायचे नाही, नावानिशी सांगायचे, सांगण्याची किंमत मोजायची, ही वृत्ती पदमनजींकडे वास्तववादाचा वाङ्मयीन सिद्धांत म्हणून आलेली नाही. १८५७ साली मराठीत तसा सिद्धांत कोणाजवळच नव्हता. ती 'साक्ष' या ख्रिस्ती कल्पनेतून आली. ही साक्ष देण्याचा प्रसंग त्यांच्यावर प्रत्यक्ष कसा आला याची हकीकत 'अरुणोदय' (१८८८) या त्यांच्या आत्मचरित्रात आहे. म्हणून कादंबरीकडे आत्मचरित्राच्या वाटेने जाणे अधिक फलदायी ठरते.

या शब्दापाशी थोडे थांबावयास हवे. अद्वैत वेदान्ताच्या परिभाषेत 'साक्षी' म्हणजे अलिप्त द्रष्टा. तो पाहतो, पण पाहिलेल्या गोष्टीत गुंतत नाही. सुखदुःखे त्याच्यासमोरून जातात, त्याला लागत नाहीत. कोर्टकचेरीच्या आणि गावपंचायतीच्या मराठीत 'साक्ष' म्हणजे शपथेवर सांगितलेली हकीकत. ख्रिस्ती धर्मात या शब्दाला तिसरेच वजन आहे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत साक्षीदाराला 'मार्तुस' म्हणतात आणि पुढे याच शब्दातून हुतात्मा हा अर्थ निघाला. म्हणजे वेदान्ती साक्षी जितका अलिप्त, तितका ख्रिस्ती साक्षीदार गुंतलेला. एकाचे काहीही पणाला लागत नाही, दुसऱ्याचे सर्वस्व. मिशनरी मराठीने हा जुना शब्द उचलून त्यात हा परका भार भरला. तुकारामाने सत्यासत्याच्या निवाड्यासाठी मनालाच ग्वाही धरले आणि बहुमताची पर्वा केली नाही, त्यामुळे या भाराला मराठीत अगदीच पूर्वपीठिका नव्हती असे नाही. (नारायण वामन टिळकांना तुकाराम हा ख्रिस्ताकडे नेणारा पूल वाटला, त्याचे एक कारण हेही असावे.) मात्र तुकारामाची ग्वाही एकट्या मनाशी होती, पदमनजींना ती चारचौघांत, नावगाव सांगून द्यावयाची होती.

पदमनजींचा जन्म १८३१ सालचा, बेळगावचा. घर कासार जातीतले, सांपत्तिकदृष्ट्या बरे, धार्मिक. शिक्षण मिशनच्या शाळांतून, आधी बेळगावात आणि मग मुंबईत. मुंबईत ते परमहंस सभेच्या संपर्कात आले आणि तिचे सभासद झाले. 'अरुणोदय'मधील अत्यंत महत्त्वाचा संघर्ष या टप्प्यावर घडतो. तो हिंदू धर्म आणि ख्रिस्ती धर्म यांच्यातला आहे असे सहसा मानले जाते. बारकाईने वाचता तो गुप्त सत्य आणि उघड सत्य यांच्यातला आहे असे दिसते.

परमहंस सभा मुंबईत १८४९ साली स्थापन झाली. दादोबा पांडुरंग तिचे प्रेरक आणि राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष. जातिभेद मानायचा नाही, मूर्तिपूजा करायची नाही, ईश्वर एक आहे, अशी तिची तत्त्वे होती. सभासदाने प्रवेशाच्या वेळी परजातीच्या माणसाच्या हातचा पाव खायचा आणि पाणी प्यायचे. हे सारे घडे ते दार लावून. सभासदसंख्या पुरेशी वाढेपर्यंत सभेचे अस्तित्व जगजाहीर करायचे नाही असा विचार होता. आत जात मोडायची आणि बाहेर येऊन जातीच्या पंगतीत बसायचे, ही कसरत दहाएक वर्षे चालली. मग १८६० च्या सुमारास सभेचे दप्तर चोरीस गेले, नावे फुटण्याची वेळ आली आणि सभा पांगली. नावांच्या यादीच्या भीतीने मोडलेली धर्मसुधारणेची चळवळ हे महाराष्ट्राच्या प्रबोधनकाळातले एक विलक्षण प्रकरण आहे. तिच्या राखेतून १८६७ साली प्रार्थना समाज उभा राहिला आणि त्याने दारे उघडी ठेवली, याचेही श्रेय काही अंशी या फजितीला द्यावे लागेल.

पदमनजी त्याआधीच बाहेर पडले होते. ३ सप्टेंबर १८५४ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी बेळगावात बाप्तिस्मा घेतला. मुंबईच्या गर्दीत हे करणे सोपे गेले असते. बेळगावात आईबाप होते, जात होती, लहानपणापासून ओळखणारी माणसे होती. परमहंस मंडळींवरची त्यांची टीका या कृतीत आहे आणि 'अरुणोदय'च्या पानांत ती शब्दांतही आहे: जे मनाला पटले ते आचरणात आणायला भिणारा सुशिक्षित हा त्यांना कर्मठ शास्त्र्यापेक्षाही अधिक दोषी वाटतो.

येथे पदमनजींच्याच धर्मग्रंथाचा आधार घेऊन त्यांच्याशी वाद घालता येतो. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा एक प्रतिष्ठित यहुदी अधिकारी येशूकडे रात्री येतो. दिवसा यायला तो भितो. पुढे सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिनने, मनात एक आणि वागण्यात एक असणाऱ्या आपल्या काळच्या सावध अनुयायांवर कोरडे ओढले तेव्हा त्यांची ओळख निकदेमाच्या नावानेच दिली गेली. पदमनजींची भूमिका कॅल्व्हिनच्या जातीची आहे. पण योहान निकदेमाला एवढ्यावर सोडत नाही. तो त्याला आणखी दोनदा आणतो. एकदा निकदेम अधिकाऱ्यांच्या सभेत, ऐकून घेतल्यावाचून माणसाला दोषी ठरवू नये एवढे म्हणण्याचे धाडस करतो. आणि शेवटी, जेव्हा उघड शिष्य पळून गेलेले असतात तेव्हा, हा रात्रीचा पाहुणा सुगंधी द्रव्ये घेऊन प्रेताला मूठमाती द्यायला येतो. शुभवर्तमानाने भित्र्याला वेळ दिला आहे. उलट, उघड शिष्यांचा अग्रणी पेत्र अंगणातल्या एका दासीसमोर कच खातो आणि ती नामुष्की त्या धर्माने आपल्या ग्रंथातून गाळली नाही. या कथांचे शहाणपण 'अरुणोदय'मध्ये कमी आहे. परमहंस सभेतल्या निकदेमांची पुढची पावले पाहण्याइतका धीर पदमनजींजवळ नव्हता.

अर्थात आत्मचरित्राचे नावच या आक्षेपाला काही प्रमाणात उत्तर देते. दमिष्काच्या वाटेवर पौलाला जसा एकाएकी प्रकाश दिसला तसा प्रसंग पदमनजींनी आपल्या पुस्तकाच्या नावासाठी घेतला नाही. अरुणोदय ही हळूहळू घडणारी गोष्ट आहे. तीत रात्र कोठे संपली आणि दिवस कोठे सुरू झाला हे सांगता येत नाही. पुस्तकाच्या पूर्वार्धातल्या चांगल्या पानांत ही संदिग्धता खरोखर जपली गेली आहे. लहानपणच्या देवपूजेची ओढ, घरातल्या धार्मिकतेविषयीचा आदर, बापाला काय वाटेल याची धास्ती, ठरवून पुन्हा मागे सरणे, हे सारे तेथे येते. मराठीत स्वतःच्या कचखाऊपणाचा इतका तपशीलवार जमाखर्च त्यापूर्वी गद्यात मांडला गेला नव्हता. पण बाप्तिस्म्यापाशी येताच निवेदनाचा पोत बदलतो. चौतीस वर्षांनंतर मागे वळून पाहणारा निवेदक वाकड्यातिकड्या वाटेची सरळ रेषा करतो. उजाडल्यानंतर सावल्या उरत नाहीत. ही धर्मांतरकथेच्या साऱ्याच जगातली अडचण आहे, एकट्या पदमनजींची नाही. तरी ती नोंदवली पाहिजे.

ज्या दडपणासमोर हे सारे घडत होते त्याचे स्वरूप आजच्या वाचकाला 'लोकमत' या शब्दाने कळणार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी समाजात त्याला ग्रामण्य म्हणत. ग्रामण्य म्हणजे नुसती निंदा नव्हे. पाणवठा तुटतो, पंगत तुटते, न्हावी आणि भटजी दारी यायचे बंद होतात, मुलीचे लग्न जुळत नाही, घरात मयत झाले तर खांदा द्यायला कोणी येत नाही. त्याचा घाव अपराध्यापेक्षा त्याच्या आप्तांवर अधिक बसतो. आणि म्हणूनच तो परिणामकारक ठरतो: माणूस स्वतःची उपासमार सोसेल, बहिणीचे लग्न मोडलेले सोसणार नाही. भाषाही ग्रामण्याच्या बाजूची होती. बाप्तिस्मा घेणाऱ्याला समाजाजवळ शब्द होता तो 'बाटणे' हा, म्हणजे विटाळणे. जो स्वतःला शुद्ध झालो म्हणतो त्याला भाषा बाटला म्हणते. पदमनजींची निम्मी लेखणी या एका क्रियापदाशी झुंजण्यात खर्ची पडली असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

या यंत्रणेचा पहिला मोठा सार्वजनिक प्रसंग १८४३ सालचा. नारायण शेषाद्री याने मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय बाराच्या आसपास, मिशनऱ्यांकडे राहू लागला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले, मुलगा बापाच्या ताब्यात मिळाला. खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. परधर्मीयांत राहून जेवलेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे अशी बाजू बाळशास्त्री जांभेकरांनी घेतली, तेव्हा धर्मसभेच्या मंडळींनी त्यांच्यावरच गहजब केला. 'दर्पण'कार बाळशास्त्री ख्रिस्ती झाले नव्हते, होणारही नव्हते. मिशनऱ्यांच्या विरुद्ध बाजूला उभे राहून त्यांनी स्वकीयांचा रोष पत्करला. सत्यासाठी उभे राहण्याचा मक्ता बाप्तिस्मा घेणाऱ्यांकडे नव्हता, हे 'अरुणोदय'च्या वाचकाने विसरता कामा नये.

दुसरा प्रसंग अधिक प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा आला. कोणी प्यायला, कोणी नुसता ओठाला लावला, कोणी तसाच ठेवला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि ग्रामण्य उभे राहिले. परमहंस सभेची यादी चोराने नेली होती, ही यादी वृत्तपत्राने छापली; तीस वर्षांत एवढी प्रगती झाली होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि शेवटी न्यायमूर्ती रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात रमाबाई रानडे यांनी ही हकीकत दिली आहे आणि मित्रांच्या अडचणीसाठी त्यांनी हे केले असे सांगितले आहे. तिची सांगण्याची रीत पाहण्यासारखी आहे: पतीच्या निर्णयाचे ती समर्थन करते, आणि तरीही आपल्याला बसलेला धक्का पूर्णपणे लपवत नाही. रानड्यांना पिलाताच्या पंक्तीला बसवणे सोपे आहे. जमावाचा गलका ऐकून, सत्य म्हणजे काय असा प्रश्न टाकून, हात धुवून मोकळा झालेला तो सुभेदार. पण पिलाताने दुसऱ्याला बळी देऊन स्वतःला वाचवले; रानड्यांनी स्वतःची अब्रू खाली ठेवून मित्रांची अडचण दूर केली. ही तडजोड पदमनजींच्या तराजूत तोलता येणार नाही. तिला वेगळे तराजू लागेल, आणि ते मराठी समीक्षेने अजून घडवलेले नाही.

आता एक आक्षेप. पदमनजींवर दडपण होते हे खरे; पण दडपण फक्त एका बाजूने होते काय? ज्या काळात ते जातीबाहेर पडले त्या काळात राज्य इंग्रजांचे होते, कोर्ट इंग्रजांचे होते, छापखाना, शाळा, पगार यांची व्यवस्था मिशनच्या हाती होती. बाप्तिस्मा घेणारा माणूस एका समूहातून निघून दुसऱ्या, अधिक बलवान समूहाच्या आश्रयाला जात होता. विष्णुबुवा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद घालत, तेव्हा अधिकाराच्या दृष्टीने दुर्बळ कोण होता, असे विचारता येते. हा आक्षेप गंभीर आहे आणि पदमनजींच्या गौरवपर चरित्रांत तो टाळला जातो. साक्षीची कसोटी म्हणूनच पुढे ढकलावी लागते. जुन्या समूहासमोर उभे राहणे ही पहिली परीक्षा. ज्या नव्या समूहाने आसरा दिला त्याच्यासमोरही माणूस उभा राहतो काय, ही दुसरी. 'अरुणोदय' पहिल्या परीक्षेचे पुस्तक आहे. दुसरी परीक्षा त्यात नाही म्हटले तरी चालेल, आणि हिंदू देवदेवतांविषयी लिहिताना त्यातला सूर जो कडवट होतो तो काही अंशी यामुळेच. ज्याला आपल्या नव्या घराविषयी एकही प्रश्न पडत नाही त्याला जुन्या घराविषयी न्याय करता येत नाही.

दुसरी परीक्षा दिली ती पंडिता रमाबाईंनी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या दोनतीन वर्षांत ज्यांनी तो दिला त्यांच्याशीच त्यांचा वाद सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धांत जसाच्या तसा मान्य नाही. धर्माधिकारी सांगतात म्हणून काही मान्य करणार नाही. इंग्रज पुरुषांना शिकवू नये हा बिशपांचा सल्ला ऐकणार नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत? सिस्टर जेराल्डीन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेला हा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांनी प्रसिद्ध केला. एक पंचविशीतली विधवा, कडेवर मूल, परका देश, परका पैसा, आणि आश्रयदात्यांशी असे बोलणे! मराठी स्त्रीच्या बुद्धिस्वातंत्र्याचा इतका तेजस्वी दस्तऐवज दुसरा नसेल; आणि तो इंग्रजीत आहे. १९०७ साली निघालेल्या त्यांच्या आत्मकथनपर पुस्तिकेच्या नावात 'साक्ष' हा शब्द आहे, तीही मुळात इंग्रजीत. रमाबाईंची मराठीतली मोठी साक्ष म्हणजे बायबलचे त्यांनी केलेले भाषांतर. संस्कृतच्या या पंडितेने त्यात संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले, कारण ते तिच्या मते साध्या बायकांना कळत नव्हते आणि त्यांना जुन्या देवधर्माच्या कल्पना चिकटलेल्या होत्या. शब्दांना चिकटलेल्या अर्थांचे हे भान पदमनजींपेक्षा पुष्कळ तीव्र आहे.

रमाबाईंचे शारदा सदन मार्च १८८९ मध्ये मुंबईत निघाले आणि पुढच्या वर्षी पुण्यास गेले. येथे धर्म शिकवला जाणार नाही असे अभिवचन होते. मुली धर्मांतराच्या वाटेवर आहेत अशी ओरड झाली, 'केसरी'ने तोफ डागली आणि १८९३ साली रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वादाचा विषय एक दार होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करताना दार उघडे ठेवत. मुली आपण होऊन येऊन बसत. दार लावून घ्या, एवढीच मागणी होती. त्यांनी दार लावले नाही. गंमत अशी की मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचा उपदेश प्रार्थना दार लावून करावी असाच आहे. आणि त्याच शुभवर्तमानात दिवा मापाखाली झाकू नये असेही आहे. परमहंस सभेचे लावलेले दार आणि शारदा सदनाचे उघडे दार यांच्यामध्ये चाळीस वर्षांचा मराठी समाज उभा आहे. तरी रानडे-भांडारकरांचा राजीनामा हा भ्याडपणा होता असे म्हणणे एकांगी होईल. दाराबाहेर उभ्या असलेल्या मुली विधवा होत्या, पोरक्या होत्या, अन्नवस्त्रासाठी सर्वस्वी रमाबाईंवर अवलंबून होत्या. जिच्या हाताने आपण जेवतो तिच्या उघड्या दाराचे आमंत्रण किती मोकळे असते? साक्ष देणारा जेव्हा बलवान असतो आणि ऐकणारा दुबळा, तेव्हा साक्षीचेच दडपण होऊ शकते. रमाबाई या प्रश्नापाशी थांबल्या नाहीत. त्यांच्यापुरता तो सुटलेला होता.

या पार्श्वभूमीवर 'यमुनापर्यटन' पुन्हा उघडली की तिचा गाभा वेगळा दिसू लागतो. यमुना आणि विनायकराव हे जोडपे मनाने ख्रिस्ती झालेले आहे, पण उघडपणे नाही. घरात, चोरून, त्यांची श्रद्धा जगते. प्रवासात त्यांना विधवांच्या एकेक कहाण्या भेटतात. समीक्षेने या कहाण्यांची मालिका तेवढी पाहिली आणि रचना सैल आहे असा शेरा मारला. परंतु कहाण्या ऐकणारी व्यक्ती स्वतः काही लपवून हिंडते आहे हे ध्यानात घेतले की प्रत्येक विधवेची हकीकत यमुनेच्या मौनावर येऊन आदळते. पुढे विनायकरावाचा मृत्यू होतो आणि ऐकणारीच विधवा होते. आता केशवपनाचे भय तिचे स्वतःचे आहे. जे बाहेरून पाहिले ते अंगावर येते, म्हणजे वेदान्ती अर्थाची साक्षी ख्रिस्ती अर्थाची साक्षीदार होते. कादंबरीची रचना या एका संक्रमणावर उभी आहे. तिचा शेवट, यमुनेचा धर्मप्रवेश आणि पुनर्विवाह, घाईचा व ठोकळेबाज आहे हे मान्यच करावे लागते. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यानंतर लगेच लिहिणाऱ्या लेखकाला उत्तर हाती लागल्याची घाई झाली असावी. पण मधल्या प्रवासात जे साधले आहे ते प्रचार वजा जाता उरलेले नाही. परमहंस सभेत तीनचार वर्षे दुहेरी आयुष्य पाहिलेल्या माणसालाच ते साधणार होते.

'अरुणोदय'मध्ये घरातल्या बायकांचा आवाज निवेदकाच्या आवाजातून गाळून आपल्यापर्यंत येतो. एकाने सत्याची कास धरली म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी त्याचा हप्ता भरावा लागतो, ही बाजू मराठीत आली ती 'स्मृतिचित्रे'तून. १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना कोणी विचारले नव्हते. सुमारे पाच वर्षांची ताटातूट, मग जवळ येऊनही वेगळी चूल, सोवळे-ओवळे, पाण्याचा विटाळ. आणि एके दिवशी स्वतःच्याच विचाराने, कोणाच्या उपदेशाने नव्हे, आजपासून कोणाच्याही हातचे पाणी पिईन हा निश्चय. टिळकांनी धर्म बदलला तो ग्रंथ वाचून, वाद करून. लक्ष्मीबाईंनी प्रथम जात टाकली आणि मग धर्माकडे वळल्या. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेत साक्ष हा शब्द मिरवत नाही. उलट टिळकांच्या सत्यनिष्ठेतला तऱ्हेवाईकपणा ती हसत हसत दाखवते. हसण्याला जागा असलेली श्रद्धा 'अरुणोदय'ला ठाऊक नव्हती. टिळकांनी मात्र दुसरी परीक्षा दिली: १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा ठेवली. निकदेमांना दिवसाउजेडी बसायला आसन मिळाले ते असे. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोमरे, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' ठरलेला खानदेशी मुलगा, टिळकांच्या अहमदनगरच्या घरात लेकरासारखा राहिला आणि हिंदूच राहिला. त्या घरात त्याला कोणी साक्ष मागितली नाही.

हे सारे जुने झाले असे वाटण्याजोगी परिस्थिती मध्यंतरी निर्माण झाली होती. उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली तेव्हा ती टिकली नाही. वसईच्या हरित पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरून दिब्रिटोंनी गुंडगिरी आणि राजकीय सत्ता यांचा रोष आधीच ओढवून घेतला होता; 'सुवार्ता' मासिकाच्या संपादनाची त्यांची जवळजवळ पाव शतकाची मराठी सेवा होती; 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला होता. तरीही आक्षेप त्यांच्या एका ओळीवर नव्हता, त्यांच्या झग्यावर होता. धमक्या आल्या. पाठीच्या दुखण्याने बेजार झालेले दिब्रिटो संमेलनाला गेले आणि असहिष्णुतेविरुद्ध स्पष्ट बोलले. जुलै २०२४ मध्ये ते वारले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'नाही मी एकला' असे आहे. 'अरुणोदय'चा निवेदक आकाशाकडे पाहणारा एकटा माणूस आहे. या नावातला माणूस आजूबाजूला पाहतो आहे.

आणि आजूबाजूला कोणी होते. त्या संमेलनाचे उद्घाटक ना. धों. महानोर होते, अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याच्या पळसखेड्यातले शेतकरी कवी, जळगावशी आयुष्यभर जोडलेले. दिब्रिटोंच्या संमेलनाला जाऊ नये असे दडपण त्यांच्यावरही आले. १० जानेवारी २०२० रोजी महानोर उस्मानाबादला गेले आणि त्यांनी उद्घाटन केले.